मार्शलचा १९७१चा हंगाम

अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया हे डोंगरांचे आणि कोळशाच्या खाणींचे राज्य. त्याच्या पश्चिम सीमेवर, ओहायो नदीच्या काठी, हंटिंग्टन हे शहर वसले आहे. शहर मध्यम वस्तीचे, आणि मार्शल विद्यापीठ हाच त्याचा अभिमानाचा विषय. तेथील फुटबॉल आपल्या परिचयाचा नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन धावायचे, तो फेकायचा, प्रतिपक्षाने अंगावर येऊन धावणाऱ्याला पाडायचे, असा तो खेळ. मार्शलच्या संघाचे नाव ‘थंडरिंग हर्ड’, म्हणजे गडगडाट करीत धावणारा कळप. नाव भारदस्त असले तरी संघ मोठ्या विद्यापीठांच्या पंगतीतला नव्हता.

१४ नोव्हेंबर १९७० रोजी हा संघ ईस्ट कॅरोलायनाकडून १७–१४ असा निसटता हरून विमानाने परतत होता. संध्याकाळची वेळ, पाऊस आणि धुके. धावपट्टी काही अंतरावर असतानाच विमान टेकडीवरील झाडांना धडकून कोसळले. पंचाहत्तर जण होते. एकही वाचला नाही. त्यांत सदतीस खेळाडू होते, आठ प्रशिक्षक व कर्मचारी होते, पाच विमानकर्मी होते. उरलेले पंचवीस जण संघाचे हितचिंतक. त्यांत डॉक्टर होते, व्यापारी होते, शहराच्या प्रत्येक चांगल्या कार्यात पुढे असणारी माणसे होती; काही जण सपत्नीक निघाले होते. सत्तर मुलांनी आई वा वडील गमावले आणि त्यांपैकी अठरा जण पूर्ण पोरकी झाली. गावातील कर्ती पिढी एका दिवसात जाणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी पेढी आहे त्यांना निराळे सांगावे लागत नाही.

यापुढे हा खेळ बंदच करावा, असा विचार विद्यापीठात झाला आणि त्यात गैर काही नव्हते. ज्या घरांत अजून दुःखाचे दिवस सरले नव्हते, त्यांच्यासमोर पुन्हा तोच गणवेश आणि तोच जल्लोष आणायचा कसा? परंतु विद्यार्थी व नागरिक यांनी, आणि विशेषतः दुखापतीमुळे किंवा अन्य कारणाने त्या विमानात नसलेल्या खेळाडूंनी, संघ चालू ठेवावा असा आग्रह धरला. नेट रफिन हा त्यांतला एक. दुखापतीमुळे तो प्रवासाला गेला नव्हता. पुढल्या हंगामात तोच कर्णधार झाला.

प्रशिक्षक मिळवणे सोपे नव्हते. ज्याने प्रथम होकार दिला तो काही दिवसांतच माघारी गेला. मग मार्च १९७१ मध्ये जॅक लेंगेल आले. ओहायोतील वूस्टर या लहान महाविद्यालयाचे ते प्रशिक्षक होते. साहाय्यक प्रशिक्षक रेड डॉसन नव्या खेळाडूंच्या शोधात दुसरीकडे गेल्यामुळे बचावले होते. ज्या मुलांना त्यांनी स्वतः घरोघर जाऊन, आईवडिलांना शब्द देऊन आणले होते, त्यांच्या अंत्यविधींना त्यांना हजर राहावे लागले. लेंगेल यांच्या हाताखाली त्यांनी एक वर्ष काम केले आणि नंतर हे क्षेत्रच सोडले. ते एक वर्ष त्यांनी कसे काढले असेल, याचा विचार मनाला चटका लावतो.

मुलांचाच तुटवडा होता. त्या काळी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळण्यास मनाई होती; राष्ट्रीय क्रीडासंघटनेने मार्शलपुरता तो नियम शिथिल केला. वाचलेले मोजके जुने खेळाडू, आदल्या वर्षीचे नवखे, यंदाचे नवखे आणि आपणहून पुढे आलेले इतर विद्यार्थी, असा मेळ जमला. दांडगाईने मुसंडी मारणाऱ्या पद्धतीला धिप्पाड गडी लागतात. ते लेंगेल यांच्याकडे नव्हते. तेव्हा त्यांनी ‘व्हीर’ ही पद्धत स्वीकारली. तीत खेळ चालवणारा क्वार्टरबॅक प्रतिपक्षाच्या एका गड्यावर नजर ठेवतो आणि तो जिकडे झुकेल त्याच्या उलट बाजूने चेंडू नेतो. बळाची उणीव चपळाईने आणि अचूक वेळेने भरून काढायची.

ही विद्या त्यांना मिळाली ती राज्यातल्याच मोठ्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाकडून. तेथील प्रशिक्षक बॉबी बाउडन यांनी आपल्या पद्धतीची सारी माहिती मार्शलच्या प्रशिक्षकांपुढे खुली केली. बाजारात एका दुकानदाराने शेजारच्या दुकानदाराला आपली खरेदीची वही उघडून दाखवावी, तसेच हे. अशी उदाहरणे विरळाच. बाउडन यांच्या खेळाडूंनी शिरस्त्राणांवर मार्शलच्या स्मरणार्थ खूण लावली होती.

१८ सप्टेंबर १९७१ रोजी पहिला सामना मोरहेड स्टेटशी झाला. मार्शल २९–६ ने हरले. आठवड्याने, २५ सप्टेंबरला, हंटिंग्टनच्याच फेअरफील्ड मैदानावर झेवियरशी गाठ पडली. किकर ब्लेक स्मिथने मारलेल्या गोलाने खाते उघडले, पण शेवटाकडे येताना मार्शल १३–९ असे मागे होते. घड्याळ संपत आले असता रेजी ओलिव्हर एका बाजूला धावू लागला. सारा प्रतिपक्ष तिकडे वळला. त्याने चेंडू उलट दिशेला टेरी गार्डनरकडे फेकला. गार्डनर तेरा यार्ड धावत अंतिम रेषेपलीकडे पोहोचला, तेव्हा वेळ संपलेली होती. १५–१३. लोक मैदानात उतरले, रडले, एकमेकांना भेटले, आणि बराच वेळ कोणी घराकडे वळेना.

येथे कथा संपवण्याचा मोह होतो. २००६ सालच्या ‘वी आर मार्शल’ या चित्रपटानेही याच विजयावर भर दिला. पण हंगाम दहा सामन्यांचा होता. पुढल्याच सामन्यात मायामी (ओहायो) संघाने मार्शलला ६६–६ असे धुळीस मिळवले. काही सामन्यांत तर एकही गुण झाला नाही. ऑक्टोबरअखेर बोलिंग ग्रीनवर १२–१० असा दुसरा आणि अखेरचा विजय मिळाला. दोन विजय, आठ पराभव. दर शनिवारी अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांनी आपल्याहून थोराड प्रतिस्पर्ध्यांचा मार खायचा, सोमवारी पुन्हा सरावाला यायचे, आणि शहरात फिरताना आपण कोणाच्या जागी खेळतो आहोत हे लोकांच्या डोळ्यांत वाचायचे. झेवियरच्या विजयापेक्षा हे सोमवार अधिक मोलाचे होते. त्या झगमगाटात ते सहसा कोणी मोजत नाही.

लेंगेल चार हंगाम राहिले. एकूण नऊ विजय, तेहेतीस पराभव. केवळ आकडे पाहणारा व्यवस्थापक असा माणूस ठेवून घेणार नाही. पुढे ते अमेरिकन नौदल अकादमीचे क्रीडासंचालक झाले. मार्शलच्या संघाला पराभवांपेक्षा विजय अधिक असलेला हंगाम दिसला तो थेट १९८४ साली, म्हणजे लेंगेल गेल्यावर दहा वर्षांनी. पुढे त्या संघाने आपल्या गटाची राष्ट्रीय विजेतेपदेही मिळवली.

विद्यापीठाच्या आवारात १९७२ साली स्मृतिकारंजे उभारले गेले. दरवर्षी १४ नोव्हेंबरला लोक त्याच्याभोवती जमतात, नावे वाचली जातात आणि पाणी बंद केले जाते. ते वसंतात पुन्हा सुरू होते. शहरातील स्प्रिंग हिल स्मशानभूमीत, ज्यांची ओळख पटू शकली नाही अशा सहा खेळाडूंना शेजारी-शेजारी विसावा दिला आहे. नेट रफिन २००१ मध्ये वारला. त्यालाही त्याच स्मशानभूमीत, आपल्या सोबत्यांजवळ, जागा मिळाली.