लॉटरीतील अंकनिवड

लॉटरीच्या काही प्रकारांत तिकिटावरील अंक ग्राहकास स्वतः निवडावे लागतात. या निवडीमागील समजुती, सवयी व भावना यांचा अभ्यास मानसशास्त्रात केला जातो.

ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीत १९९४ पासून २०१५ पर्यंत १ ते ४९ यांपैकी सहा अंक निवडावे लागत. असे एकूण १,३९,८३,८१६ गट संभवतात व प्रत्येक गट निघण्याची संभाव्यता समान असते. माणसे मात्र सर्व गट सारख्या प्रमाणात निवडीत नाहीत. जन्मतारखा व विवाहाच्या तारखा यांमुळे ३१ पर्यंतच्या अंकांना अधिक पसंती मिळते. पाश्चात्त्य देशांत ७ हा अंक शुभ मानला जातो. लागोपाठचे अंक अनेकांना असंभाव्य वाटतात. म्हणून तिकिटाच्या चौकटीत अंक विखरून व कडा टाळून भरण्याकडे कल असतो. १४ जानेवारी १९९५ रोजी ७, १७, २३, ३२, ३८ व ४२ हे अंक निघाले. ते चौकटीच्या मधल्या उभ्या ओळींतील होते. हाच गट १३३ जणांनी निवडला असल्याने सु. १ कोटी ६० लक्ष पौंडांचे बक्षीस विभागले जाऊन प्रत्येकास केवळ १,२२,५१० पौंड मिळाले.

स्वतः केलेल्या निवडीने यश आपल्या हाती आल्याचे वाटते. यास ‘नियंत्रणाचा आभास’ म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात एक डॉलरचे तिकीट काहींना निवडू दिले, तर काहींना नुसतेच दिले. ते परत विकण्यासाठी पहिल्या गटाने सरासरी ८·६७ डॉलर व दुसऱ्याने १·९६ डॉलर मागितले.

दुसरी प्रवृत्ती ‘जुगाऱ्याचा तर्कदोष’ ही होय. प्रत्येक सोडत आधीच्या सोडतींपासून स्वतंत्र असते, हे यात विसरले जाते. अमेरिकेतील मेरिलँड राज्याच्या लॉटरीत एखादी संख्या निघताच तिच्यावरील पैज एकदम घटते व काही महिन्यांनी पूर्ववत होते, असे चार्ल्स क्लॉटफेल्टर व फिलिप कुक यांना आढळले (१९९३). उलटपक्षी, दीर्घकाळ न निघालेला अंक आता निघालाच पाहिजे, असेही वाटते. इटलीच्या लॉटरीत व्हेनिसच्या सोडतीत ५३ हा अंक मे २००३ पासून ९ फेब्रुवारी २००५ पर्यंत निघाला नाही. त्यावर अब्जावधी यूरो लावले गेले; अनेक कुटुंबे कर्जबाजारी झाली व आत्महत्याही घडल्या. वस्तुतः नव्वदांतून पाच अंक काढताना ५३ निघण्याची संभाव्यता प्रत्येक वेळी अठरांत एक एवढीच होती.

बक्षीस विजेत्यांत विभागले जात असल्यास इतरांनी टाळलेले अंक घेतल्याने वाटेकरी कमी होऊ शकतात. जिंकण्याची संभाव्यता मात्र वाढत नाही. वर्षानुवर्षे एकच गट लावणाऱ्यास खेळ सोडणे विशेष कठीण जाते. कारण सोडल्यावर नेमका तोच गट निघाला तर होणाऱ्या पश्चात्तापाचे भय, बक्षिसाच्या आशेइतकेच, त्यास तिकीट घेण्यास भाग पाडते.