एका तारेंतून दोन वाटा



चाकूर तालुक्यांतील एखादी दुमजली शाळा डोळ्यांपुढें आणा. प्रत्येक मजल्यावर एक स्विच आहे. स्विच म्हणजे संगणकांच्या तारा जेथें एकत्र मिळतात ती पेटी. दोन्ही मजल्यांवर कचेरीचेहि संगणक आहेत आणि विद्यार्थ्यांचेहि. हे सारे एकाच जाळ्यांत गुंफले, तर ज्या संगणकांत गुणपत्रकें ठेवलीं आहेत, त्याच्या दाराशीं मुलांच्या संगणकासहि सरळ जातां येतें. निराळ्या पेट्या व निराळ्या तारा घ्याव्या, तर खर्च दुप्पट होतो. त्याच पेट्यांत दोन अलग जाळीं नांदविण्याची जी युक्ति, तिला ‘व्हीलॅन’ म्हणतात.

स्विचच्या प्रत्येक पोर्टास एक क्रमांक नेमून द्यावयाचा: कचेरीस १०, विद्यार्थ्यांस २०. दहाच्या पोर्टांतून आलेला संदेश स्विच विसाच्या पोर्टांत सोडीत नाहीं. परंतु दोन मजल्यांना जोडणारी तार एकच. मग तिच्यांतून जाणारे संदेश ओळखावे कसे? चाकूरजवळच्या लातूर रोड जंक्शनावर लातूरची, परळीची व बीदरकडील अशा वाटा मिळतात. तेथें उतारू गाडीची पाटी वाचून चढतो. येथेंहि तसेंच. दहा व वीस यांच्या प्रत्येक संदेशास स्विच ४ बाइटांची पाटी जोडतो. तींतील १२ बिटांत क्रमांक असतो, म्हणून १ पासून ४०९४ पर्यंत क्रमांक वापरतां येतात. पलीकडील स्विच पाटी वाचतो, काढून घेतो आणि संदेश त्याच क्रमांकाच्या पोर्टास देतो. ही रीत १९९८ सालीं ‘८०२.१ क्यू’ ह्या नांवानें प्रमाण ठरली. अशा जोडतारेस ‘ट्रंक’ म्हणतात.

हें शिकण्यास पेट्या विकत घेण्याचें कारण नाहीं. सिस्को कंपनीचा ‘पॅकेट ट्रेसर’ हा सिम्युलेटर नांव नोंदवून विनामूल्य मिळतो. त्याच्या पडद्यावर दोन स्विच मांडा, दोहोंवर १० व २० हे क्रमांक निर्माण करा, आणि प्रत्येकास दोन्ही क्रमांकांचा एकेक संगणक जोडा. चारी संगणकांना पत्ते मात्र एकाच मालिकेंतील द्या: १९२.१६८.१०.१ पासून १९२.१६८.१०.४ पर्यंत. पत्ते भिन्न मालिकांतील असले, तर संदेश पत्त्यामुळें अडला कीं क्रमांकामुळें, हें कळणार नाहीं.

जोडतारेस हात न लावतां दहाच्या एका संगणकावरून दुसऱ्यास ‘पिंग’ची हांक मारा. उत्तर येणार नाहीं, कारण ती तार अद्याप १ ह्या मूळ क्रमांकांतच आहे. आतां दोन्ही टोकांस ‘स्विचपोर्ट मोड ट्रंक’ ही आज्ञा द्या. दहास दहाचें उत्तर मिळेल. विसाचें मिळणार नाहीं. तें न मिळणें हाच आपला हेतु होता.

पुढें दोन्ही जाळ्यांना निरनिराळ्या मालिकांचे पत्ते देऊन मध्यें राउटर बसविला, तर बंद केलेली वाट पुन्हां उघडते. कोणास सोडावें व कोणास अडवावें, याचे नियम तेथें स्वतंत्र लिहावे लागतात. म्हणून शाळेंत जाळें उभारून झालें म्हणजे चालकांनीं दोन हांका समक्ष मारून घ्याव्या: कचेरींतून कचेरीस, आणि वर्गांतून कचेरीस. पहिलीस उत्तर यावें, दुसरीस येऊं नये.