विश्लेषण : भरसमुद्रातल्या विमानवाहू नौकेवर माल पोहोचतो कसा?

अमेरिकेच्या एका मोठ्या विमानवाहू नौकेवर सुमारे पाच हजार माणसे असतात. अन्नधान्य आणि विमानांचे इंधन पुरवठा जहाजे आणतात. पण लढाऊ विमानाचा सुटा भाग आजच हवा असेल किंवा कुणाला तातडीने घरी पाठवायचे असेल, तर जहाजाची वाट पाहून चालत नाही. त्यासाठी नौदल खास विमाने ठेवते. या सेवेचे नाव ‘कॅरियर ऑनबोर्ड डिलिव्हरी’.

पाठमोरा प्रवास

१९६० च्या दशकापासून हे काम ‘सी-२ ग्रेहाउंड’ करत आले. दोन टर्बोप्रॉप इंजिने, दुमडणारे पंख, साडेचार टन माल किंवा २६ प्रवासी. प्रवासी शेपटीकडे तोंड करून बसतात. डेकवर उतरताना विमानाचा हूक पोलादी तारेत अडकतो आणि दोन-तीन सेकंदांत विमान थांबते. हा धक्का पाठीने सोसलेला बरा! परतीला कॅटपल्ट विमान पुढे भिरकावतो, तेव्हा मात्र सगळा भार पट्ट्यांवर येतो.

इंजिन मावेना

‘एफ-३५सी’ विमाने आल्यावर अडचण झाली. त्यांच्या इंजिनाचा मुख्य भाग पेटीसह ग्रेहाउंडमध्ये मावत नाही. ‘सीएमव्ही-२२बी ऑस्प्रे’मध्ये मावतो. हेलिकॉप्टरसारखे उतरून विमानासारखे उडणारे हे यंत्र २०२१ मध्ये ‘कार्ल व्हिन्सन’ नौकेसोबत प्रथम मोहिमेवर गेले. त्याला तारही लागत नाही आणि कॅटपल्टही.

पण २९ नोव्हेंबर २०२३ रोजी जपानच्या याकुशिमा बेटाजवळ अमेरिकी हवाई दलाचे ऑस्प्रे कोसळून आठ जण दगावले. गिअरबॉक्स निकामी झाला होता. आठवडाभरात सर्व अमेरिकी ऑस्प्रेंची उड्डाणे थांबली आणि निवृत्तीच्या वाटेवरच्या ग्रेहाउंडला पुन्हा जुंपावे लागले. मार्च २०२४ मध्ये बंदी उठली, पण आणीबाणीत उतरता येईल अशा विमानतळापासून ३० मिनिटांच्या टप्प्यात राहण्याच्या अटीवर. जमिनीपासून दूर असलेल्या नौकेसाठी ती परवानगी जवळपास निरुपयोगीच. ग्रेहाउंड मात्र २०२६ मध्ये निवृत्त करण्याचे नियोजन होते.

भारताकडे?

‘विक्रांत’ आणि ‘विक्रमादित्य’वर कॅटपल्ट नाही, विमाने उतार चढून झेपावतात. ग्रेहाउंडसारखे विमान आपल्या नौदलाकडे नाही. तातडीची ने-आण हेलिकॉप्टरवर चालते, आणि त्याचा पल्ला तुलनेने कमी असतो.