क्लाउड कॉम्प्युटिंग : कागदपत्रांची दुसरी पेटी

पाथर्डी तालुक्यातील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी गाव सोडतात. शिधापत्रिका, आधार कार्ड, मुलांच्या गुणपत्रिका पत्र्याच्या पेटीतून सोबत जातात. कोपीत पाणी शिरले वा पेटी हरवली, तर कार्यालयांचे उंबरठे पुन्हा झिजवावे लागतात. म्हणूनच ‘क्लाउड’ची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

क्लाउड म्हणजे आकाशातील ढग नव्हे. इंटरनेटद्वारे दूरच्या संगणकांवर माहिती साठविणे व त्यांच्याकडून काम करून घेणे म्हणजे क्लाउड कॉम्प्युटिंग. हे संगणक जमिनीवरच असतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे येथे, तर अ‍ॅमेझॉनने २०१६ साली मुंबईत अशी सेवा सुरू केली.

वैयक्तिक वापरासाठी केंद्र शासनाचे ‘डिजिलॉकर’ २०१५ पासून उपलब्ध आहे. संबंधित विभागाने त्यात थेट दिलेला दाखला कायद्याने मूळ प्रतीसमान मानला जातो. आपण स्वतः चढविलेल्या छायाचित्रास मात्र तो दर्जा नसतो.

व्यावसायिकांनाही याचा लाभ होतो. किराणा दुकानदाराने उधारी व मालाचा हिशेब क्लाउडवर ठेवल्यास मोबाइल बिघडला तरी हिशेब शाबूत राहतो. मोठ्या उद्योगांना स्वतःचे महागडे संगणक घ्यावे लागत नाहीत. वीजबिलाप्रमाणे वापराइतकेच पैसे द्यावे लागतात.

काही मर्यादाही आहेत. रेंज नसेल तेथे कागद उघडत नाही. पासवर्ड व ओटीपी कोणासही सांगू नये. जुना मोबाइल क्रमांक बंद करण्यापूर्वी नवा नोंदवावा. मूळ कागद जपावेतच. परंतु गाव सोडण्यापूर्वी घरातील शिकलेल्या मुलामुलींनी ही दुसरी पेटी भरून द्यावी, असे आम्ही आवर्जून सुचवितो.