गिरणगावच्या जमिनीचा खंड कोणाचा?

लोअर परळला सेनापती बापट मार्गावर फिनिक्स मिलच्या आवारात एक जुने धुराडे अजून उभे आहे. 1905 साली स्थापन झालेल्या या गिरणीचे साचे केव्हाच थांबले. आता त्या धुराड्याभोवती उंची वस्तूंचा मॉल, कचेऱ्या आणि पंचतारांकित हॉटेलचा गगनचुंबी मनोरा असे एक नवे नगरच वसले आहे.

हे पाहून जुन्या मुंबईकराला हळहळ वाटते. तथापि हळहळीने प्रश्न सुटत नाही. यंत्रमागांच्या स्पर्धेने आणि जुनाट यंत्रसामग्रीने गिरणधंदा आधीच खिळखिळा झाला होता. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि त्यांतील बहुसंख्य पुन्हा कामावर परतलेच नाहीत. धंदा बुडाला, जमीन मात्र सोन्याची झाली. मनोऱ्यातील कचेऱ्यांनी आणि दुकानांनी नवा रोजगार दिला, हेही मान्य केले पाहिजे. प्रश्न आहे तो या सोन्यावरील हक्काचा.

जमिनीची उत्पादनक्षमता आणि तिचे स्थान यांमुळे मालकाला श्रमाविना जे उत्पन्न लाभते, त्याला अर्थशास्त्रात खंड म्हणतात. रिकार्डोने शेतजमिनीसाठी मांडलेला हा विचार शहरातील जमिनीला अधिकच लागू पडतो. परळची जमीन महाग झाली ती लोहमार्ग, रस्ते, पाणीपुरवठा आणि लाखो माणसांच्या वस्तीमुळे. हे मूल्य समाजाने निर्माण केले. तेव्हा त्यातील काही वाटा समाजाकडे परत यावा, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत हे तत्त्व मान्य झाले होते. गिरणीच्या जमिनीचा स्थूलमानाने एकतृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी, एकतृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि उरलेला मालकासाठी, अशी ती वाटणी होती. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली. गिरण्यांची बहुतेक जमीन इमारतींनी व्यापलेली असल्याने लोकांचा वाटा आपोआप आक्रसला. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये लोकांच्या बाजूने दिलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2006 मध्ये फिरविला. कायद्याचा वाद तेथे संपला. न्याय्य वाटपाचा संपला नाही.

कारण लाभ खासगी राहिला तरी खर्च सार्वजनिकच असतो. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, रोज येणारी माणसे वाढली. स्थानकांचे जिने आणि पूल मात्र जुनेच राहिले. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन 23 जण मृत्युमुखी पडले. मनोऱ्यांच्या हिशेबात हा खर्च कोठेही मांडलेला नसतो. घरासाठी अर्ज केलेल्या लाखाहून अधिक गिरणी कामगारांपैकी आणि त्यांच्या वारसांपैकी बहुतेक जण अद्याप प्रतीक्षेतच आहेत. काहींच्या वाट्याला घर आले, पण ते पनवेलजवळच्या कोनला.

गिरणगावात जे घडले ते आता उलटविता येणार नाही. परंतु मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर बंदराची शेकडो एकर जमीन आहे, आणि तिच्या विकासाची भाषा सुरू झाली आहे. ती जमीन सार्वजनिक मालकीची आहे. तेथे पहिला मनोरा उभा राहण्यापूर्वीच लोकांचा वाटा कायद्याने आखून घेतला पाहिजे. पाया भरल्यानंतर हिशेब मागणाऱ्याच्या हाती काय पडते, हे गिरणगावाने पाहिले आहे.