सापडलेलं नाणं कुणाचं?

बालमित्रांनो, तुमच्यापैकी किती जणांना जुनी नाणी जमवायचा छंद आहे? आजीच्या ट्रंकेतला व्हिक्टोरिया राणीचा रुपया, आजोबांनी जपलेला भोकाचा पैसा, बाजारात मिळालेली शिवराई... डबी उघडून ती पुन्हा पुन्हा बघताना कशी मजा येते, नाही? पण या छंदाशी कायद्याचाही संबंध येतो, हे ठाऊक आहे का?

समजा, सुट्टीत तुम्ही गावी गेलात. शेतात विहीर खणायचं काम चाललंय. अचानक कुदळ खणकन वाजते आणि मातीतून एक गाडगं वर येतं. आत काळीठिक्कर पडलेली चांदीची नाणी! आता ही नाणी कुणाची? ज्याला सापडली त्याची, शेतमालकाची, की सरकारची?

याचं उत्तर १८७८ सालच्या गुप्तधनाच्या कायद्यात आहे. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला, तर काय सापडलं, कुठे आणि कधी, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. मग चौकशी होते. खरा मालक कुणी निघाला नाही आणि आधी काही वेगळं ठरलेलं नसलं, तर ज्याला सापडलं त्याला चारातले तीन वाटे आणि जमिनीच्या मालकाला एक वाटा मिळतो. सरकारला नाणी ठेवून घ्यायची असतील, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. पण लपवालपवी केली, तर वाटा जातोच, शिवाय एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्हीही होऊ शकतं!

तुम्ही म्हणाल, "पण जुन्या नाण्याला धातूपेक्षा कितीतरी जास्त पैसे मिळतात की!" अगदी खरं. म्हणूनच काही जण गुपचूप नाणी विकून टाकतात, नाहीतर सराफाच्या मुशीत आटवतात. त्यात आपलं सगळ्यांचं काय जातं, ते बघा.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी इथे तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी एकत्र सापडली. ती होती क्षत्रप राजा नहपानाची. पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसराच ठसा मारलेला होता, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा! शत्रूला हरवून त्याचीच नाणी आपल्या नावाने चालवली होती. सगळी नाणी एका ठिकाणी मोजायला मिळाली, म्हणून हे इतकं ठळक कळलं. ती आधीच दहा गावांत पांगली असती तर?

मग घरातल्या नाण्यांचं काय?

घाबरू नका! आजीने दिलेलं नाणं जवळ ठेवायला बंदी नाही. १९७२ साली झालेल्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांचं किंवा त्याहून जुनं नाणं 'पुरावस्तू' ठरतं. अशा नाण्यांचा धंदा करायला परवाना लागतो आणि ती कुणालाही आपणहून परदेशी पाठवता येत नाहीत. म्हणजे अमेरिकेतल्या मामेभावाच्या वाढदिवसाला शिवराई धाडायची नाही बरं का! भोकाचा पैसा मात्र १९४३ साली निघाला. त्याची शंभरी भरायला २०४३ साल उजाडेल.

आता एवढं करा. नाणं विकत घेताना दुकानदाराचा परवाना बघा, पावती मागून घ्या. चिंच लावून नाणं घासू नका, त्याने ठसा झिजतो. आणि प्रत्येक नाणं कुठून, कधी, कुणाकडून मिळालं, ते एका वहीत लिहून ठेवा. जमिनीत काही सापडलंच, तर आधी मोठ्यांना सांगा आणि ती जागा उकरत बसू नका.

नाणं मुकं असतं. ते कुठे सापडलं हे कुणी सांगितलं, तरच ते बोलायला लागतं. मग काय, आज आई-बाबांना बरोबर घेऊन वहीचं पहिलं पान लिहिणार ना?