एकदांडीचा पाला आणि विळ्याची जखम

गवत कापताना विळा बोटाला लागला, की आपला हात बांधावरच्या एकदांडीकडे जातो. चार पाने चुरगळायची, रस जखमेवर पिळायचा, फडके बांधायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. या सवयीचा थोडा विचार करू या.

एकदांडीला कुठे कंबरमोडी, तर कुठे दगडी पाला म्हणतात. ती सूर्यफुलाच्या कुळातली. जमिनीलगत पसरते. पाने समोरासमोर, खरखरीत व दातेरी असतात. उंच, बारीक दांड्यावर एकच फूल येते. मधला भाग पिवळा आणि कडेला फिक्या पिवळसर पाकळ्या. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. फूल वाळले की म्हातारीसारखे केसाळ बी वाऱ्यावर उडते. म्हणून शेतात ती नको असेल, तर फुलण्यापूर्वीच ओल असताना मुळासकट उपटावी. शेळ्या हा पाला खातात.

पाल्यात गुण नाही असे नाही. रसाने रक्त लवकर थांबते, असा पुष्कळांचा अनुभव आहे. उंदरांवरील काही प्रयोगांत जखम भरून येण्यास त्याची मदत झाल्याचेही दिसले. परंतु धोका पाल्याच्या रसात नसून त्याला लागलेल्या मातीत आहे. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात. बांधावरचा न धुतलेला पाला जखमेत चोळणे म्हणजे त्या जंतूंना आपणच आत घेणे होय. वरून घट्ट फडके बांधले, की आत हवा पोहोचत नाही आणि अशाच जागी हे जंतू वाढतात. खोल, अरुंद जखम तर फारच वाईट. मग ती काट्याची असो की खिळ्याची.

रोगाची लक्षणे बहुधा 3 ते 21 दिवसांत दिसतात. तोवर जखम भरूनही आलेली असते! प्रथम जबडा आखडतो, दातखीळ बसते, पुढे सर्वांग ताठते. अशा वेळी घरगुती उपायांत एक तासही न घालवता रोग्याला रुग्णालयात न्यावे.

मग जखम झाल्यावर काय करावे? स्वच्छ कापडाने दाबून रक्त थांबवावे. वाहत्या स्वच्छ पाण्याने व साबणाने जखम नीट धुवावी. माती, शेण, हळद, तंबाखू काहीही भरू नये. नंतर दवाखाना गाठावा. मळलेल्या जखमेसाठी, शेवटची लस घेऊन 5 वर्षे झाली असतील, तर पुन्हा घ्यावी लागते. पूर्वी टी. टी.चे इंजेक्शन मिळे; आता सरकारी दवाखान्यांत टी. डी. देतात. तिने घटसर्पापासूनही संरक्षण मिळते. लहानपणी लस घेतली की नाही हे आठवत नसेल, तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

धनुर्वात एकदा होऊन गेला, तरी तो पुन्हा होऊ शकतो. त्यापासून रक्षण लसच करते. म्हणून घरातल्या प्रत्येकाने शेवटची लस कधी घेतली, ते आजच लिहून ठेवा. एकदांडी शेळीला घाला. जखमेला मात्र पाणी, साबण आणि लस.